पेटीवरचा कशिदा आणि अस्तराखालची चिठ्ठी

आमच्या नांदगाव तालुक्यात लग्न ठरलं की अजूनही रुखवताची चर्चा निघते. पण आता बरंचसं रुखवत विकत मिळतं. कापडी फळं, मण्यांची तोरणं, रंगवलेली सुपारीची वरात, सगळं तयार असतं. काही ठिकाणी तर ते दोन दिवसांसाठी भाड्यानेही मिळतं. मांडवात टेबल सजतं, फोटो निघतात आणि वस्तू परत जातात. नवरीच्या हाताचं त्यात काहीच नसतं.

मी नांदगावात मुलींना शिवण आणि भरतकाम शिकवते. रुखवतासाठी एकच वस्तू स्वतः करायची असं एखादीने ठरवलं, तर मी तिला लाकडी पेटी सुचवते. काठाला कोरीव नक्षी, पितळेची कडी, आत आरसा आणि झाकणावर तिने स्वतः भरलेला कशिदा. अशी पेटी मांडवानंतरही वापरात राहते. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले, आईची चिठ्ठी, बाळाच्या पहिल्या वाळ्या असं सगळं तिच्यात येऊन बसतं. रोज उघडली जाणारी वस्तू माळ्यावर जात नाही, म्हणून तिच्यावरचं काम पुढच्या पिढीच्या नजरेला पडतं.

मात्र पेटी करायची तर लाकूड आणि कापड या दोन निराळ्या स्वभावाच्या वस्तूंना एकत्र नांदवावं लागतं. ते कसं करायचं, हे आमच्या वर्गात जसं शिकवते तसंच इथे सांगते.

लाकडाला पितळ, कापडाला कशिदा

पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलं. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घरातल्या वस्तूंवर केळकरांचा जीव होता. अडकित्ते, दिवे, कुलपं, खेळणी, पायाला लावायच्या वज्री, कुंकवाचे करंडे, फण्या आणि फणेरपेट्या त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या. पुण्याला गेलात तर फणेरपेट्यांसमोर जरूर थांबा.

फणेरपेटी ही आपल्या आज्या-पणज्यांची शृंगारपेटी. लहानशी लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा आणि खाली छोटे छोटे कप्पे. एका कप्प्यात फणी, एकात मेण, एकात कुंकू, एकात काजळाची डबी. कपाळाला आधी मेण लावायचं आणि त्यावर कुंकू टेकवायचं, म्हणून मेणाला वेगळी जागा. झाकण उघडं ठेवलं की आरसा बरोबर चेहऱ्यासमोर येतो. बाहेरून सजावट असे ती कोरीव कामाची, रंगाची किंवा पितळेच्या पट्ट्या-फुलांची.

कशिदा मात्र कापडावरच राहिला. बटवा, पानसुपारीची कप्प्याकप्प्यांची चंची, कुंची, झबलं, चोळी, ताटावर झाकायचा रुमाल आणि सोंगट्या खेळायचा पट यांवर आपल्या बायकांनी जीव ओतला. लाकूड सुतारांकडे आणि कापड बायकांकडे, अशी ही वाटणी. दोन्ही कसबं एकाच घरात नांदली, पण एका वस्तूवर क्वचितच भेटली. पेटीच्या झाकणात भरतकाम बसवताना आपण त्यांची ती भेट घालून देतो. फणेरपेटीचा घाट आपलाच आणि टाकेही आपलेच, त्यामुळे ही वस्तू आपल्या घरात परकी वाटत नाही.

साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मुली

भरतकामाने मढवलेल्या पेटीची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणं सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधली आहेत. तिथे सुखवस्तू घरातली मुलगी सुई हातात धरायला लागली की आधी नमुनापट्टी भरायची. निरनिराळे टाके आणि नक्ष्या एका लांब पट्टीवर गिरवून काढायच्या, आज आमच्याकडे मुली शिवणाच्या वहीत नमुने लावतात तसंच. नंतर पांढऱ्यावर पांढरं असं नाजूक काम करायचं. हात तयार झाला की पेटी.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मार्था एडलिन नावाच्या मुलीचं काम जपलेलं आहे. तिचा जन्म १६६० चा. आठव्या वर्षी तिने रंगीत नमुनापट्टी पुरी केली, १६६९ मध्ये पांढऱ्या धाग्याची, १६७१ मध्ये भरतकामाची पेटी आणि १६७३ मध्ये मण्यांची दागिन्यांची डबी. म्हणजे पेटी झाली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हे सगळं काम तिच्या घराण्यातल्या लेकींकडून लेकींकडे येत राहिलं, म्हणून आज ते एकत्र पाहायला मिळतं.

दुसरी पेटी मँचेस्टरच्या व्हिटवर्थ आर्ट गॅलरीत आहे, हॅना स्मिथ या मुलीची. तिच्या पेटीत तिने स्वतः लिहिलेला एक कागद सापडला. त्यावर १६५७ हे साल आहे. आपण १६५४ मध्ये ऑक्सफर्डला गेलो, तेव्हा जवळजवळ बारा वर्षांच्या होतो, जवळपास दोन वर्षं तिथे राहिलो, भरतकाम तिथेच पुरं केलं आणि १६५६ मध्ये लंडनला त्याची पेटी बांधून घेतली, असं तिने त्यात नोंदवलं आहे. कागद का लिहिला तेही सांगितलं आहे. पुढे कधी या दिवसांचा विसर पडला तर हा कागद काढून बघता येईल, एवढंच तिच्या मनात होतं.

या कागदातून कामाची पद्धतही कळते. मुलगी पेटीवर टाके घालत नसे. पेटीच्या प्रत्येक बाजूच्या मापाचं चित्र पांढऱ्या साटिनवर आखलेलं असे आणि ती ते चौकटीवर ताणून भरत असे. सगळे तुकडे पुरे झाले की ते कारागिराकडे जात. तो लाकडी सांगाडा करून त्यावर ते चढवी, कडांना फीत लावी, आत कप्पे, आरसा, शाईच्या बाटल्या आणि चोरकप्पेही बसवी. झाकणातला आरसा आणि खालचे कप्पे वाचताना मला आपली फणेरपेटीच आठवते. काम दोघांचं असतं. एकाचं सुईचं, एकाचं पटाशीचं. ही वाटणी आजही तशीच ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

आधी सुताराकडे जा

बहुतेक मुली आधी भरतकाम करतात आणि मग त्या मापाची पेटी शोधत बाजारात फिरतात. मी त्यांना उलट करायला लावते. आधी पेटी ठरवायची, झाकणातल्या खिडकीचं माप घ्यायचं आणि मगच कापडावर रेघ ओढायची.

आमच्या गावातले सुतारदादा जुन्या दारांच्या आणि खिडक्यांच्या चौकटींतून पेट्या करून देतात. जुनं सागवान अनेक पावसाळे-उन्हाळे पाहिलेलं असतं, म्हणून ते आता फारसं वाकत नाही. नांदगावकडे पाऊस कमी, उन्हाळा कडक. वैशाखात लाकूड आकसतं, श्रावणात फुगतं. सागाची ही हालचाल इतर लाकडांच्या मानाने थोडी असते. आंब्याचं किंवा नव्या कच्च्या लाकडाचं झाकण पहिल्या उन्हाळ्यातच पिळवटू शकतं आणि त्यात ताणून बसवलेल्या कापडाला सुरकुती पडते. सागातही दादा गाभ्याचं गडद लाकूड घेतात. कडेच्या फिकट लाकडाला कीड लवकर धरते.

मी सांगते ते माप साधारण असं असतं: पेटी दहा इंच लांब, सात इंच रुंद, चार इंच उंच. झाकणाच्या मधोमध सहा इंच बाय चार इंचांची खिडकी. खिडकीच्या आतल्या बाजूने चारही कडांना खाच, म्हणजे भरतकामाचा पुठ्ठा खालून येऊन त्या खाचेत टेकतो. भोवतीच्या लाकडी काठावर कोयरी, कमळ किंवा वेलबुट्टी कोरलेली. हा काठ भरतकामापेक्षा थोडा वर असावा, हे मी दादांना प्रत्येक वेळी बजावते. पेटी उघडताना हात पडतो तो काठावर पडावा, टाक्यांवर पडू नये. पेटीवर दुसरं काही ठेवलं तरी भार लाकडाने घ्यावा.

“ताई, नक्षी किती भरू?” असं दादा विचारतात तेव्हा आम्ही दोघं कागद पुढे घेऊन बसतो. झाकणाचं भरतकाम दाट असेल तर लाकडाला एकच साधी रेघ पुरते. लाकडाची नक्षी भरगच्च असेल तर कापडावर मोकळी जागा सोडावी लागते. दोन्हीकडे सगळंच भरलं तर डोळा कुठेच टेकत नाही. हे बोलणं काम सुरू करण्याआधी झालं पाहिजे, आणि त्यात दोघांनीही थोडं थोडं मागे सरलं पाहिजे.

लाकडाला पॉलिश झालं की ते पूर्ण वाळू द्यायचं. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश लाकडाला झाकून टाकतं आणि सागातलं नैसर्गिक तेल कापडापर्यंत पोहोचायला अडथळा करतं. खाचेच्या आतल्या बाजूलाही हात मारून घ्यायचा. पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत भरतकाम पेटीजवळ न्यायचं नाही.

नक्षी आपल्या भोवतीच आहे

नक्षी कुठून आणू, हा मुलींचा नेहमीचा प्रश्न. मोबाईलवर हजार चित्रं सापडतात, म्हणून सगळ्यांच्या पेट्यांवर तोच एक गुलाब दिसतो. मी म्हणते, आधी आजूबाजूला बघा.

मनमाडवरून पुढे गेलं की येवला. पैठणीच्या काठापदरावरचे मोर, पोपट, कमळं, असावलीची वेल आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ही नक्षी भरलेली नसते, विणलेली असते. विणकर रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्या उभ्या ताण्यातून हाताने फिरवतो, म्हणून खऱ्या पैठणीचा पदर उलटूनही जवळजवळ सुलटाइतकाच स्वच्छ दिसतो. या नक्षीचे कोन पायरीपायरीने चढतात, त्यामुळे मोजून घालायच्या टाक्यांत ती छान उतरते. फाटलेल्या जुन्या पैठणीचा काठ घरात असेल तर तो कापून पेटीच्या चारही बाजूंना आतून पट्टीसारखा लावता येतो.

आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या चाळीसगावकडे बंजारा तांडे आहेत. तांड्यावरच्या वयस्क बायकांच्या कांचळीवर आणि फेटियावर आरसे, कवड्या आणि भडक रंगांचे दाट टाके दिसतात. आरशाला भोक नसतं, तरी तो कापडावर घट्ट बसतो. त्याचं तंत्र असं: आधी आरशावरून उभे-आडवे धागे घालून चौकटीसारखी पकड करायची, मग त्या धाग्यांना कडेकडेने काजाचा टाका घालत ओढून घ्यायचं. चौकट फाकून गोल होते आणि आरसा धाग्याच्या कड्यात अडकतो. हे काम शिकायचं तर तांड्यावरच्या मावशींजवळ बसून शिकावं, त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि नक्षी त्यांच्याकडून घेतल्याचं सांगावं. पेटीच्या झाकणावर आरसा अगदी छोटा आणि मधोमध ठेवावा. कडेला ठेवला तर बोटं लागून निसटतो.

कर्नाटकी कशिदा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचे चार टाके. गावंतीत धावदोरा एकदा जातो आणि परत येताना सुटलेल्या जागा भरतो, म्हणून दोन्ही बाजूंनी रेघ सारखीच दिसते. मुरगी पायऱ्यांसारखी चढत जाते. नेगी विणल्यासारखी दिसते आणि मेंती म्हणजे फुलीचा टाका. कापडाचे धागे मोजून तुळशीवृंदावन, हत्ती, पाळणा, रथ, गोपुर उभं राहतं. आधी चित्र काढायची गरज नसते आणि मागे गाठ मारायची नाही असा दंडक असतो. चौकोनी झाकणाला हा कशिदा विशेष शोभतो, कारण त्याची रचनाच सरळ रेघांची असते.

आणि माझी स्वतःची आवडती नक्षी आहे कांद्याचे डोंगळे. थंडी सरताना आमच्याकडे बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या वाफ्यात हिरव्या पोकळ नळ्यांच्या टोकांना पांढऱ्या फुलांचे गोल गेंद येतात. नाशिक जिल्ह्याचा कांदा सगळ्या देशात जातो, पण त्याचं फूल किती देखणं असतं हे शेतकऱ्याच्या घराबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. आमच्या लेकींच्या पेट्यांवर ते फूल आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. शिवाय सुईसाठी ते अगदी योग्य आहे. गेंदासाठी गाठीचा टाका, नळीसाठी दांडीचा टाका, बस्स.

कुठला टाका टिकतो

पेटीच्या झाकणाला बांगड्या लागतात, पदर अडकतो, लहान मुलं बोट फिरवतात. साडीच्या पदरावर जो टाका चालतो तो इथे चालेलच असं नाही. पहिली काळजी लांब मोकळ्या धाग्यांची. पाकळी भरताना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धागा ओढला तर चमक सुंदर येते, पण पाकळी रुंद असेल तर तो धागा वर लोंबकळतो आणि पहिल्याच बांगडीला अडकतो. म्हणून अर्ध्या इंचापेक्षा लांब धागा वर राहू द्यायचा नाही. रुंद पाकळी लहान-मोठ्या टाक्यांच्या ओळींनी भरायची. त्याने रंगाची छटाही हळुवार बदलता येते.

डोंगळ्याच्या गेंदासाठी गाठीचा टाका असा घालायचा. सुई कापडातून वर काढायची, धागा सुईला एकदा किंवा दोनदा गुंडाळायचा आणि सुई जिथून वर आली त्याच्या अगदी शेजारी खाली घालायची. त्याच भोकातून घातली तर गाठ खाली निसटून जाते. बाजारात मिळणारा भरतकामाचा सुती धागा सहा पदरी असतो. एक लडी आठ मीटरची. त्याचे पदर सोडवून हवे तेवढे घ्यायचे. गेंदाच्या मध्यभागी तीन पदरांच्या मोठ्या गाठी, कडेला एका पदराच्या बारीक आणि विरळ गाठी घातल्या की फूल सपाट वाटत नाही, गोल दिसतं. सगळ्या गाठी शुभ्र नकोत. थोड्या दुधाळ, थोड्या पोपटी मिसळा, कारण खऱ्या फुलातही मधल्या कळ्या हिरवट असतात. नळीसाठी दोन पदर घेऊन दांडीचा टाका घालायचा. प्रत्येक टाका आधीच्या टाक्याच्या अर्ध्यापाशी सुरू होतो, त्यामुळे दोरीला पीळ दिल्यासारखी रेघ येते.

धागा कापताना हातभरच कापा. लांब धागा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन पिंजतो आणि चमक घालवतो. जरीचा धागा तर कापडातून ओढूच नये. जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली धातूची अगदी पातळ पट्टी असते, ओढाताणीत ती सोलून निघते. जर कापडावर पसरवून ठेवायची आणि वरून बारीक रेशमी धाग्याने ठरावीक अंतरावर बांधत जायचं.

कापड सुती, घट्ट विणीचं घ्या. मोजून टाके घालायचे असतील तर मॅटी उत्तम. नवं कापड आधी धुवून त्यातली खळ काढून टाका. कसरीला खळ फार आवडते. रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघा. नक्षी उतरवायची जुनी पद्धत अजूनही सर्वांत चांगली. ट्रेसिंग कागदावर चित्र काढायचं, रेघेवरून सुईने बारीक भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने त्यावर फिरवायची. रेघ स्वच्छ उमटते आणि कागद पुन्हा पुन्हा वापरता येतो.

बसवण्याचं काम घाईचं नाही

भरतकाम पुरं झालं की जाड टर्किश टॉवेलवर ते पालथं घालून मागून इस्त्री करायची. समोरून केली तर गाठी चपट्या होतात.

मग पुठ्ठा. खिडकीच्या खाचेपेक्षा तो चारही बाजूंनी थोडासा लहान कापायचा, कारण कापडाच्या घडीलाही जागा लागते आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा पुठ्ठ्याला हलायला फट लागते. पुठ्ठ्यावर पातळ फ्लॅनेलचा एक थर ठेवायचा. त्याने भरतकामाला किंचित उठाव येतो आणि मागच्या धाग्यांच्या गाठी वर उमटत नाहीत. भरतकामाच्या कापडाला चारही बाजूंनी दोन इंच जास्तीचं कापड सोडलेलं असावं.

आता कापड पुठ्ठ्यावर ताणायचं. बहुतेक जणी इथे फेव्हिकॉल काढतात. मी काढू देत नाही. चिकटवलेलं कापड पुन्हा सोडवता येत नाही आणि काही वर्षांनी गोंदाचे पिवळे डाग वर येऊ शकतात. त्याऐवजी मागच्या बाजूला मजबूत धाग्याने या कडेपासून त्या कडेपर्यंत, बुटाच्या नाडीसारखं, ओढत बांधायचं. आधी लांब बाजू, मग आखूड बाजू. सुरुवात मधून करायची आणि कोपऱ्यांकडे जायचं. मध्येच उलटून बघायचं की कापडाची वीण तिरकी तर होत नाही ना. कोपऱ्यांची घडी आतल्या आत दुमडून चार टाक्यांनी पक्की करायची.

तयार पुठ्ठा खालून खाचेत बसवला की त्याच्यामागे एक कोरा कागद ठेवायचा. वर्तमानपत्राचा कागद लवकर पिवळा पडतो आणि कापडालाही पिवळेपणा देतो, म्हणून तो वापरायचा नाही. त्यावर पातळ लाकडी पट्ट्या आणि त्यांना छोटे स्क्रू. खिळे किंवा गोंद नको. पुढे कधी धागा तुटला, डाग पडला, कापड धुवावंसं वाटलं, तर स्क्रू काढून पुठ्ठा बाहेर घेता आला पाहिजे. दुरुस्त करता येईल अशी वस्तूच फार काळ वापरात राहते.

पट्ट्या झाकायला आतून अस्तर, आणि त्यावर आरसा. अस्तरासाठी हिमरूचा तुकडा मिळाला तर फार चांगलं. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, रेल्वे पोहोचली नव्हती तेव्हा वेरूळची लेणी बघायला येणारे प्रवासी आमच्या नांदगाव स्टेशनवर उतरत आणि तिथून टांग्याने पुढे जात. त्याच वाटेने पुढे औरंगाबादेत हिमरू विणली जाई, सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून. तिच्या मागच्या बाजूला मोकळे धागे सुटलेले असतात, अस्तर केलं की ते आपोआप झाकले जातात.

सांभाळायचं म्हणाल तर पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, रंग विटतात. ओल्या फडक्याने झाकण पुसू नका, मऊ ब्रशने धूळ उडवा. डांबराच्या गोळ्या टाकायच्याच असतील तर कापडी पुरचुंडीत बांधून आतल्या कोपऱ्यात ठेवा, कापडाला आणि जरीला लागू देऊ नका. दर पावसाळ्यानंतर एकदा पेटी सावलीत उघडी ठेवून वारा लागू द्या.

नाव लिहा

आमच्या घरी माझ्या आजेसासूबाईंच्या हातचा सोंगट्यांचा पट आहे. त्यावरचे टाके इतके सारखे आहेत की बघणारी प्रत्येक जण विचारते, कुणी भरला? घरातले आम्ही सांगू शकतो म्हणून उत्तर मिळतं. आमच्यानंतर कोण सांगेल? महाराष्ट्रातल्या किती घरांत असे बटवे, चंच्या, कुंच्या पडून आहेत, ज्यांच्यावर नाव नाही, गाव नाही, साल नाही. संग्रहालयांना त्या मिळतात तेव्हा वस्तू कळते, पण करणारी बाई कळत नाही. हॅना स्मिथ कुणी राणी नव्हती, तिने युद्ध जिंकलं नव्हतं. तिने एक कागद लिहून पेटीत ठेवला, म्हणून साडेतीनशे वर्षांनी ती कधी कुठे गेली, किती वर्षांची होती, हे नांदगावात बसून मला सांगता येतं.

नावाचा आणि कामाच्या किमतीचा जवळचा संबंध आहे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेव्हा विधवा आणि गरजू स्त्रियांना शिवण, भरतकाम यांसारखं काम शिकवून त्यावर स्वतःचं पोट भरता यावं हा हेतू होता. हाताच्या कामाला मोल आहे, हे तेव्हा ठासून सांगावं लागलं. आजही सांगावं लागतं. पेटी विकायला काढली की लोक लाकडाची किंमत मान्य करतात, पितळेची मान्य करतात आणि भरतकामाबद्दल म्हणतात, “हे तर घरच्या घरीच केलंय ना?” मी मुलींना सांगते, बसलेले तास मोजा, सुताराची मजुरी जशी मांडता तशीच स्वतःचीही मांडा. ज्या कामावर करणारीचं नाव असतं त्याची मजुरी मागायला तिची जीभ अडखळत नाही.

म्हणून आमच्या वर्गात एक नियम आहे. आरसा बसवण्याआधी, अस्तर शिवून बंद करण्याआधी, एक चिठ्ठी लिहायची. पेन्सिलीने लिहायची, कारण बॉलपेनची शाई फुटते आणि विटते. चिठ्ठीत स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तारीख, कापड आणि धागा कोणता, नक्षी कुणाकडून शिकलो त्या बाईचं नाव, तांड्यावरच्या मावशींकडून घेतली असेल तर त्यांचं आणि तांड्याचं नाव, आणि पेटी करणाऱ्या सुतारदादांचंही नाव. चिठ्ठी कोऱ्या कागदाच्या घडीत घालून अस्तराखाली ठेवायची. दादांना पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. पुढच्या पेटीच्या तळाला मात्र त्यांनी आतून पटाशीने आपली आद्याक्षरं आणि साल कोरून दिलं, आणि आता प्रत्येक पेटीला देतात.

तुम्ही नांदगावच्या असा, नागपूरच्या असा की परदेशात राहत असा, पेटी केलीत तर ही चिठ्ठी विसरू नका. आणि घरात आजीच्या हातचं जुनं भरतकाम असेल तर ते आजच बाहेर काढा, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा आणि एका कोऱ्या कागदावर तिचं नाव लिहून त्या घडीत ठेवा. त्याला ना पैसे लागतात ना कसब, फक्त सांगणारं माणूस अजून आपल्यात असावं लागतं.